शीला, तुझं क्रियापद मी बदललं

शीला,

परवा दिल्लीच्या एका चॅनेलवर तुझं नाव घेतलं. निवेदिका 'शैला' म्हणाली. खालच्या पट्टीवर चिंचझरीचं 'चिंचगिरी' झालं होतं. तू असतीस तर मला कोपर मारून म्हणाली असतीस, "मास्तर, लाल पेन काढ न गा. तुझं काम आलं." मी टीव्हीसमोर उभा राहूनच सगळं पाहिलं. बसवलं नाही.

तुला जाऊन जेमतेम तीन महिने झाले. एवढ्यात चिंचझरीची पांढरी झाडं देशभर पोचली. गारगोटी दळून तिची पावडर करणारे ते कारखाने, पोती भरणारे मजूर, त्यांच्या छातीचे एक्स-रे, सगळं हिंदीत आणि इंग्रजीत चालू आहे. दवाखान्याच्या चिठ्ठीवर ज्याला टीबी लिहीत आले, ती दगडाची धूळ आहे, तिला सिलिकोसिस म्हणतात आणि ती टीबीच्या गोळ्यांनी जात नाही, हे तू इतकी वर्षं सांगत होतीस की नागपुरात तुला पाहून लोक रस्ता बदलायचे. आता तेच लोक मला फोन करून विचारतात, "तुमची तर मैत्रीण होती ना?" मी हो म्हणतो. होतीसच. म्हणून हे लिहायला घेतलं आहे. आमच्या पेपरात हे येणार नाही, तेव्हा दुसरीकडे देतो आहे.

आपली ओळख भांडणानं झाली. तू नव्यानं बातम्या आणून देऊ लागली होतीस आणि मी डेस्कवर होतो. वस्तीतल्या नाल्यावरच्या पुलाची तुझी बातमी होती. त्यातली म्हातारी म्हणत होती, "पूल खचून राहिला, बाप्पा." मी ते "पूल खचत आहे" असं केलं. दुसऱ्या दिवशी तू अंकाची घडी माझ्या टेबलावर आपटलीस.

"हे कोण बोललं?"

"त्या आजीच ना."

"आजी अशी जन्मात नाही बोलली. 'खचत आहे' म्हणे. तिले रेडिओवर घेतलं का?"

"पेपरची भाषा वेगळी असते, शीलाताई."

"काहून?"

मी हसलो. तूही हसलीस आणि म्हणालीस, "बरं, मास्तर." तेव्हापासून मी मास्तर. पुढे 'तुम्ही'चं 'तू' झालं, शीलाताईची शीला झाली, पण मास्तर राहिला तो राहिलाच.

माझी बाजू तुला कधी नीट सांगितली नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी वडील सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांच्या लेखी भाषा हीच आमची इस्टेट होती. गल्लीत खेळून घरात आल्यावर तोंडातून 'मले' निघालं की ते पान वाढायचं थांबवायला सांगायचे. "कोणाला हवंय?" असं विचारायचे, आणि मी "मला" म्हणेपर्यंत ताटात पोळी पडायची नाही. त्यामुळे मी दोन भाषा शिकलो, एक उंबऱ्याच्या आतली आणि एक बाहेरची. नोकरी लागली ती आतल्या भाषेच्या जोरावर. संपादक चारचौघांत म्हणायचे, "कॉपी याच्या हाताखालून गेली की आपण निर्धास्त." हे वाक्य ऐकलं की माझी छाती फुगायची. 'ले'चा 'ला' आणि 'राहिलो'चा 'आहे' करताना मी वाचतसुद्धा नव्हतो. भाजी निवडणाऱ्या बाईचं लक्ष भाजीकडे कुठे असतं? तसे हात चालायचे.

तू मला एकदाच चिंचझरीला नेलंस. तुझ्या त्या खडखडणाऱ्या स्कूटरवर मागे बसून उमरेड रस्त्यानं गेलो आणि मग आत वळलो. मला वाटलं धुकं आहे. तू म्हणालीस, "धुकं नाही गा, कंपनी." चिंचेची पानं पांढरी, म्हशीची पाठ पांढरी, दोरीवर वाळणारी लुगडी पांढरी. आपण ज्या घरी टेकलो तिथल्या सिंधूबाईनं चहा द्यायच्या आधी कप पदरानं पुसला, ठेवला, आणि चहा ओतायच्या आधी परत पुसला. तिचा नवरा महादेव बाजेवर उशीला टेकून बसला होता. त्याला आडवं होता यायचं नाही. मला खोकला आला तर तो म्हणाला, "साहेब, दोन मिन्टात खोकून राहिले? मी बारा महिन्याचा गिऱ्हाईक हावो." सगळे हसले आणि हसताना त्याला धाप लागली. तू मोबाईल रेकॉर्डिंग चालू करून बाजेवर टेकवून ठेवलास, सिंधूबाईसमोरच्या शेंगा ओढून सोलायला घेतल्यास, आणि काहीही विचारलं नाहीस. तुझी पद्धतच ती. माणसाला प्रश्न विचारला की तो उत्तर देतो, असं तू म्हणायचीस, आणि काम करत बसलं की तो बोलतो.

सिंधूबाई बोलली. शेवटी म्हणाली, "ताई, आमच्या गावातली माणसं मरून राहिली. कोणी पाहून नाही राहिलं."

हे वाक्य तू बातमीत जसंच्या तसं घातलंस. मथळ्यासाठीही तेच सुचवलंस.

तुला हे समजावून सांगायची गरज नाही, पण वाचणारे बाहेरगावचेही असतील. आमच्याकडे 'जेवून राहिलो' म्हणजे जेवतो आहे, घास अजून हातात आहे. 'मरून राहिली' म्हणजे मरत आहेत. श्वास चालू आहे. कोणी धावलं तर पोचू शकेल. सिंधूबाईच्या त्या वाक्यात वेळ शिल्लक होता.

संध्याकाळी पान लावताना ते वाक्य माझ्यासमोर आलं. 'मरत आहेत' हे माझं नेहमीचं भाषांतर हाताशी होतं. पण मथळ्यात ते मिळमिळीत वाटलं, आणि दोन कॉलमांत नीट बसतही नव्हतं. मी लिहिलं, 'पावडरीने माणसे मेली'. मग मथळ्याशी जुळावं म्हणून आतलं वाक्यही बदललं: "आमच्या गावातील माणसे मेली, कोणी पाहिले नाही." महादेवचं आणि आणखी चौघांचं नाव तू आजारी म्हणून दिलं होतंस. मथळ्याखाली ती नावं आपोआप मेलेल्यांची झाली. मला अर्थ माहीत नव्हता असं मी म्हणू शकत नाही. तो मला पाळण्यापासून माहीत होता. तिची ती हाक होती. मी तिची निधनवार्ता केली आणि पुढच्या पानाला लागलो.

चौथ्याच दिवशी कंपनीवाल्यांनी महादेवला आणि त्या चौघांना इस्त्रीचे सदरे घालून रांगेत उभं केलं आणि फोटो काढला. दुसऱ्या एका पेपरात तो छापून आला: मेलेली माणसं हीच का? फोटोत महादेव हसतो आहे. खोकला दाबल्यावर माणूस तसा दिसतो, हे मला फार पुढे कळलं. गावात त्याचं नावच भूत पडलं. पानठेल्यावर पोरं म्हणायची, "का गा भुता, चहा पिऊन राहिला का? आमाले वाटलं तू गेला." तोही म्हणायचा, "गेलो होतो, वरती बी धूळच हाय." तू हे मला सांगितलंस तेव्हा आपण दोघं हसलो होतो. मला अजून समजत नाही मी कसा हसू शकलो.

मग कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. संपादकांनी मला बोलावून खुलासा लिहायला सांगितला. बाहेरच्यांना ठाऊक नसेल, पण पेपरात खुलाशाचे दोन साचे असतात. चूक डेस्ककडून झाली असेल तर 'नजरचुकीने' असा एक शब्द घालतात आणि कोणाचं काही बिघडत नाही. चूक बातमीदाराची असेल तर 'प्रतिनिधीने दिलेल्या चुकीच्या माहितीमुळे' असं लिहितात आणि तो बातमीदार संपतो. संपादकांनी विचारलं, "बाईंनी मेली असंच लिहिलं होतं ना?" मी म्हणालो, "बघावं लागेल." बघायला काही उरलेलं नव्हतं. तुझी कॉपी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर होती आणि तिच्यावरच मी हात फिरवला होता. ते म्हणाले, "मग तसंच लिहा." मी दुसरा साचा घेतला. शीला, तो खुलासा मी अतिशय चांगल्या मराठीत लिहिला.

तू ऑफिसात आलीस. संपादकांनी तुला आत बोलावलं आणि तुझं काम थांबवलं. बाहेर येऊन तू माझ्या टेबलाशी थांबलीस. मी स्क्रीनकडे पाहत होतो. स्क्रीनवर काय होतं ते मला तेव्हाही दिसत नव्हतं.

"मास्तर, चहा?"

"काम आहे गं."

"बरं."

जिना उतरताना तुझ्या चपलेचा आवाज येत होता. मी मोठ्यानं कोणाला तरी उगाच एक शब्द विचारला, 'निष्काळजी'मधला 'नि' ऱ्हस्व की दीर्घ. मला ते येत होतं.

काही आठवड्यांनी आपण परत चहा प्यायला लागलो. तूच फोन केलास. मला वाटलं तू विसरलीस, किंवा तुला माझा संशय नाही, किंवा तू क्षमा केलीस. या तिन्हींपैकी जे मला त्या दिवशी सोयीचं पडेल ते मी मानून घ्यायचो. आपण पूर्वीसारखं भाषेवर भांडायचो. तू म्हणायचीस, "माणसाचं बोलणं बदललं का माणूस बदलते." मी म्हणायचो, "अर्थ तोच राहतो." तू माझ्याकडे पाहायचीस. मी बिस्किट बुडवायचो. ते भांडण कशाबद्दल आहे हे दोघांनाही माहीत होतं आणि आपण ते 'ला' आणि 'ले'वर घालत होतो.

तुला नंतर कोणी काम दिलं नाही. तू शिकवण्या घेतल्यास, लोकांचे अर्ज लिहून दिलेस आणि मोबाईलवर स्वतःचं चॅनेल काढलंस. पहिला व्हिडिओ सिंधूबाईचा होता, तोच. तिचं वाक्य तिच्याच तोंडून, आणि खाली तू टाईप केलेली ओळ, 'मरून राहिली', अक्षर न बदलता. पुढच्या प्रत्येक व्हिडिओत तू तेच केलंस. जो जसा बोलला तसं खाली. पाहणारे मोजकेच. त्यांतला एक मी होतो, दुसऱ्या नावानं. तुला कधी 'लाइक'चा एक अंगठासुद्धा दिला नाही. ओळखशील अशी भीती वाटायची.

आणि तरी तू माझ्या घरी आलीस. वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची भाषाच गेली. म्हणजे वाचा राहिली, पण मराठी गेली. आमच्या घरातली, उंबऱ्याच्या आतली. लहानपणी आजोळी रामटेककडच्या खेड्यात ते वाढले होते. ते सगळं वर आलं आणि बाकीचं धुऊन गेलं. "मले पानी दे. मले भेव लागून राहिलं." मी त्यांच्या उशाशी बसून म्हणायचो, "बाबा, मला म्हणा, मला." तू दारात उभी राहून ते ऐकलंस. मला बाजूला सारलंस आणि खुर्ची ओढून बसलीस.

"का गा बाबा, कायचं भेव?"

"अंधार हाय वं."

"मंग मी बसतो न इथंच. जा म्हटलं तरी जात नाही."

ते हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले. मग तू येत राहिलीस. तुम्ही दोघं आंबाडीची भाजी, बैलांची नावं, दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतले तमाशे असलं काय काय बोलायचात. शेवटचे महिने माझ्या बापाचं कोणाशी बोलणं झालं असेल तर ते तुझ्याशी. मी स्वयंपाकघरात चहा करत ऐकायचो. त्यांच्या घरात त्यांच्या भाषेत बोलणारं माणूस म्हणजे मी जिच्याविरुद्ध खुलासा लिहिला तीच होती. हे उपकार कोणत्या तोंडानं मानायचे? मी दर वेळी "थँक यू गं" म्हणायचो. तू म्हणायचीस, "इंग्रजीत नको लाजू."

महादेव गेला तेव्हा तुझा फोन आला. मी डेस्कवर होतो. तू फक्त एवढंच म्हणालीस, "मास्तर, तुझी बातमी खरी झाली."

त्या सगळ्या वर्षांत त्याबद्दल तू बोललेलं हे एकच वाक्य. मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मी म्हणालो, "वाईट झालं." मग तू फोन ठेवलास.

त्या फोटोतले बाकीचे चौघंही एकेक करून गेले. मागच्या वर्षी दिल्लीच्या एका वेबसाइटची अदिती नावाची मुलगी तुला शोधत आली. तिनं तुझे सगळे व्हिडिओ पाहिले होते. त्यांचं महत्त्व तिला ज्या गोष्टीमुळे कळलं ती ऐकून मला हसावं की काय करावं कळेना. तिनं मराठी शिकलेल्या माणसाकडून अनुवाद करून घेतला तर तो अडखळला, आणि मग तिनं नागपूरच्या एका मुलीला बसवलं. त्या मुलीनं सांगितलं, की यात कोण कधी जिवंत होतं ते क्रियापदावरून कळतं. 'खोकून राहिला', मग 'झोपून राहिला', मग 'गेला'. प्रत्येक माणसाबाबतीत किती वेळ हातात होता आणि तो कोणी वाया घालवला, हे तुझ्या त्या जशाच्या तशा ओळींत होतं. मी शुद्ध केल्या असत्या तर त्यातलं काही उरलं नसतं.

तिची बातमी तू गेल्यावर आली. त्या आधी तू रुग्णालयात असताना तिनं तुला मजकूर वाचून दाखवला होता, हे तिनं मला सांगितलं. तू म्हणे एकच दुरुस्ती सुचवलीस. 'महादेव' हे नाव फोटोखाली आधी घ्या, कारण त्याला भूत म्हणायचे.

आता जे झालं ते सांगतो. चौकशी समिती नेमली गेली. कारखानेवाल्यांच्या वकिलानं टीव्हीवर आमच्या पेपरचा तो जुना खुलासा दाखवला. माझं मराठी, पडदाभर. तो म्हणाला, ज्या बाईच्या व्हिडिओंवर एवढा गदारोळ चालला आहे ती जिवंत माणसांना मेलेलं दाखवणारी बाई आहे, तिच्याच पेपरनं तिला खोटं ठरवलं होतं. मग तिच्या बाकीच्या कामावर विश्वास का ठेवायचा? त्या व्हिडिओंखेरीज चिंचझरीच्या लोकांकडे दुसरं काही नाही. कारखान्याच्या हजेरीत त्यांची नावं नाहीत, दवाखान्याच्या कागदावर टीबी आहे.

अदितीचा फोन आला. "सर, आप उस वक़्त डेस्क पर थे न? वो माफ़ीनामा क्यों छपा था?"

मी म्हणालो, "देखना पड़ेगा."

शीला, तेच शब्द. दुसऱ्या भाषेत निघाले म्हणून मला ते ओळखू यायला वेळ लागला.

आमच्या व्यवस्थापनानं मला प्रेमानं सांगितलं, की जुनं उकरण्यात अर्थ नाही, तुमची निवृत्तीही जवळ आली आहे. मी मान हलवून आलो. दुसऱ्या दिवशी नागपुरातल्याच इंदोऱ्याला तुझ्या आईकडे गेलो. तुझ्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. आईंनी पाणी दिलं. मी काही बोलायच्या आधीच त्या म्हणाल्या, "तुम्ही त्या टीव्हीवाल्या कागदाचं सांगायले आले का?"

मी ग्लास खाली ठेवला.

"तिले माहीत होतं न, भाऊ. पहिल्याच दिवशी आली अन् म्हणे, आई, मास्तरनं करून ठेवलं. म्या म्हटलं, मंग जा न, सांग न साहेबाले. तर म्हणे, मी काहून सांगू? ज्याची चूक त्याचं तोंड."

"मग माझ्याशी बोलणं कसं ठेवलं तिनं?"

"म्या बी हेच विचारलं. म्हणे, बोलणं सोडलं तर सांगन कोणाले तो?" त्यांनी मेणबत्ती सरळ केली. "म्या म्हणत जाओ, अवं तो काय सांगते आता. तर म्हणे, सांगन. टाइम लागन त्याले, पण सांगन."

तू वाट पाहत होतीस. मी क्षमा समजत होतो. प्रत्येक चहाला, बाबांच्या खाटेशी, महादेवच्या त्या फोनवर तू माझ्यासाठी जागा मोकळी ठेवून बसली होतीस, शेंगा सोलत बसायचीस तशी, काही न विचारता. आणि मी बोललो नाही. तुझी पद्धत सगळ्या चिंचझरीवर चालली, फक्त माझ्यावर चालली नाही.

मी समितीपुढे गेलो. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या सरकारी इमारतीत समितीचे लोक बसले होते. चिंचझरीची माणसं बाहेर झाडाखाली होती. मी सांगितलं, की मूळ बातमीत 'मरून राहिली' होतं, 'मेली' मी केलं. खुलासा मी लिहिला, आणि त्यात दोष तिचा नसून माझा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं. टंकलेखक भराभर टाईप करत होता. वाचायला दिलं तर त्यात होतं, 'माणसे मृत्युमुखी पडत आहेत असे मूळ बातमीत नमूद होते'. मी म्हणालो, असं नव्हतं. तो म्हणाला, "सर, सरकारी कागद आहे, बोलीभाषा कशी घालणार?" त्याचा राग येईना. तो सज्जन होता, त्याचा हात चांगला चालत होता. मी त्याच्या शेजारी उभा राहून एकेक अक्षर सांगून ते वाक्य घालून घेतलं आणि मग सही केली. पुढे काय होईल मला माहीत नाही. वकिलाकडे आणखी काही असेल. मला ऑफिसनं रजेवर राहायला सांगितलं आहे.

हे सांगून मी मोठं काही केलं असं तुला वाटू नये म्हणून उरलेलंही सांगतो.

बाहेर आलो तर सिंधूबाई उभी होती. तिला कोणीतरी आतलं सांगितलं होतं. आता ती खूप वाळली आहे. बोलता बोलता मध्ये थांबते, तुला ठाऊक आहे का थांबते ते. ती चिडली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"भाऊ, तुमी तेव्हा काहून नाही सांगतलं? नोकरी गेली असती?"

"नाही. नोकरी गेली नसती."

"कंपनीवाल्यानं धमकी देल्ली?"

"मला कोणी काही म्हटलं नव्हतं."

"मंग?"

तिच्यामागे चिंचझरीची माणसं उन्हात बसली होती. मी काहीतरी मोठं कारण शोधत होतो, शीला. इतक्या माणसांच्या मापाचं कारण. तसं एकही नव्हतं. मग जे होतं ते सांगितलं. म्हणालो, "ऑफिसात सगळे म्हणायचे, माझी मराठी फार चांगली आहे. माझ्या हातून चूक होत नाही. चूक झाली असं म्हणायची मला लाज वाटली."

तिला वाटलं असावं अजून काही सांगायचं बाकी आहे. वाट पाहून तिनं विचारलं,

"येवढ्यासाठी?"

हो, शीला. एवढ्यासाठी.